हजेरीबाईंची खिडकी

आधीच कबूल करते, गाल फुगवायची कल्पना माझी. पुढे जे झालं त्याबद्दल कोणाला बोल लावायचा असेल तर मला लावा, बाकीच्यांना सोडा. मला आमच्या कारखान्यात ठिणगी म्हणतात. मी तशी शांत बाई आहे, पण लोक शांत राहू देत नाहीत.

आमचा धुलाई कारखाना. चार मोठ्या इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं आमच्याकडे येतं. आत शिरलं की आधी धुण्याची यंत्रं, मग सुकवायची, मग तो लांबच लांब गरम रूळ. त्याच्या एका बाजूने ओलसर चादर आत जाते आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर येते. शेवटी आमचं घडीचं टेबल. तिथे मी बावीस वर्षं उभी आहे. सगळी मिळून एकशे साठ माणसं, आणि प्रत्येकाला आत जायचं तर हजेरीबाईंच्या खिडकीपाशी थांबूनच जावं लागायचं.

खिडकी कसली, हातभर रुंदीचं भोक होतं ते. त्याला सरकती दुधी काच. आत एक टेबल, टेबलावर लांबडी वही, दोरीने बांधलेलं पेन आणि कार्यालयाचा एकुलता एक फोन. आणि टेबलामागे बाई. केस घट्ट बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सव्वीस वर्षं बाई त्या खुर्चीत बसल्या आणि सव्वीस वर्षांत त्यांनी कोणाला एक मिनिट फुकट दिलं नाही. एकदा स्वतःला सात मिनिटं उशीर झाला तर स्वतःच्याच नावापुढे लाल शाईने 'उशीर' लिहिलं. वर मलाच दाखवलं, "बघ, माझं अक्षर चिडलं की किती छान येतं."

बाई माणसाच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत. सही बघायच्या. आमचा बॉयलर सांभाळणारा आहे ना, त्याला आम्ही वाफवाला म्हणतो, त्याच्या सहीची शेपटी आखूड झाली की बाई विचारायच्या, "काय रे, बायको माहेरी गेली वाटतं?" आणि खरंच गेलेली असायची! माझं आणि माझ्या जावेचं वाजलं की मी पेन इतकं दाबायची, की सही पुढच्या पानावर उमटायची. बाई पुढच्या पानावरून बोट फिरवून म्हणायच्या, "जाऊबाई का गं?" झालं, मग मी सुरूच. मागे रांग खोळंबलेली, लोक ओरडतायत, आणि बाई वहीत बघत बघत सगळं ऐकून घ्यायच्या. शेवटी म्हणायच्या, "बरं झालं बोललीस. आता जा, चादरींवर राग काढू नकोस." बास, एवढंच. पण दिवसभर माझं डोकं थंड राहायचं.

आणि सव्वानऊ झाले की बाई फोन उचलायच्या. जो आला नसेल त्याच्या घरी फोन. "उठलात का? की खाटेसकट उचलून आणायला माणसं पाठवू?" माणूस आजारी असला तर चौकशी, दांडी मारली असली तर खरडपट्टी. दोन्ही एकाच आवाजात. आम्ही वैतागायचो, पण फोन नाही आला तर जास्त वैतागलो असतो.

मग आलं ते यंत्र. दारातच उंच दांडीवर एक काळी पाटी बसवली. समोर उभं राहायचं, चौकटीत तोंड धरायचं, की ती गोड आवाजात म्हणायची, "स्वागत आहे." सगळ्यांना सारखंच. मी रडून आले असेन तरी स्वागत, वाफवाला शिंकत आला तरी स्वागत. आमचे व्यवस्थापक साहेब खूश. त्यांना आम्ही तक्तेसाहेब म्हणतो, कारण ते बोलायच्या आधी तक्ता दाखवतात. त्यांनी सगळ्यांना उभं करून तक्ता दाखवला, रोज प्रत्येकाची सात मिनिटं कशी वाचणार त्याचा. आणि शेवटी जाता जाता म्हणाले, "यंत्र ज्याला ओळखणार नाही त्याने खिडकीवर जायचं. बाई संगणकात त्याचा क्रमांक टाकतील. असे लोक आठवड्याला दहापेक्षा कमी झाले आणि महिनाभर कमीच राहिले, की खिडकी बंद. बाईंना मागच्या खोलीत जुन्या कागदांचं काम देऊ."

मागची खोली! तिथे पाल सुद्धा एकटीच राहते. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. दिवसभर एकशे साठ माणसांशी बोलणारी बाई, तिला त्या खोलीत दोन वर्षं फायलींसमोर बसवायचं? माझं डोकं असं सणकलं, की मी तिथेच बोलणार होते. वाफवाल्याने माझी बाही धरून ठेवली.

पहिल्या आठवड्यात खिडकीवर चारच जण गेले. त्यातली एक मी. अक्कलदाढ सुजली होती, गाल टमटमीत फुगलेला, तर यंत्र म्हणालं, "चेहरा जुळत नाही. कृपया खिडकीवर जा." मी खिडकीवर गेले. बाईंनी आधी डॉक्टरकडे न गेल्याबद्दल शिव्या घातल्या, मग मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला सांगितल्या, मग जावेची खबर विचारली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणि दारातून आत येता येता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

जेवणाच्या सुट्टीत घडीच्या टेबलाभोवती सगळ्यांना जमवलं. म्हटलं, "बघा. डावा गाल फुगवायचा. उजवा डोळा मिटायचा. हनुवटी जराशी वर. बास." वाफवाल्याला त्यात जीभ बाहेर काढायची होती. मी म्हटलं, "हे बघ, आपल्या मनाने काही करायचं नाही. एकसारखं झालं पाहिजे." आता हसू येतं, पण आमचा धंदाच तो. बावीस वर्षं मी नवीन माणसाला एकच गोष्ट शिकवते, की शंभर चादरी एकावर एक ठेवल्या तर कड कुठे हलता कामा नये. तोंडंसुद्धा तशीच शिकवली. दोन दिवसांत सगळ्यांची घडी बसली.

आणि मग काय मजा! सकाळी दारात रांग, एकेक जण पुढे येतोय, डावा गाल फुग्गा, उजवा डोळा बंद. "चेहरा जुळत नाही." "चेहरा जुळत नाही." सगळे खिडकीवर! त्या आठवड्यात त्रेसष्ट जण, पुढच्या आठवड्यात दीडशेच्या वर. बाई प्रत्येकाचा क्रमांक संगणकात टाकतायत, वर वहीत सही घेतायत, सही बघून चौकशा करतायत. गाल लाल झालेले त्यांचे. "या यंत्राला काही म्हणजे काही कळत नाही गं," म्हणायच्या. आम्ही त्यांना बेत सांगितला नव्हता. सांगून काय उपयोग? त्यांनी दुसऱ्या मिनिटाला साहेबांकडे जाऊन लेखी दिलं असतं.

एक महिना असा गेला. आणि एका सकाळी मी गाल फुगवला, डोळा मिटला, हनुवटी वर केली, तर यंत्र म्हणालं, "स्वागत आहे."

मी मागे सरकले, परत गाल फुगवला. "स्वागत आहे." माझ्या मागच्यालाही स्वागत. वाफवाल्यालाही स्वागत. त्याने तर रागाने दोन्ही गाल फुगवले.

काय झालं ते त्याच दिवशी दुपारी कळलं. इतके जण खिडकीवर का जातात ते बघायला तक्तेसाहेबांनी यंत्र बसवणाऱ्याला बोलावून घेतलं. तो आला आणि त्याने पडदा उघडला. पडद्यावर आमचे दीडशे फोटो, ओळीने. सगळ्यांचा डावा गाल फुगलेला, सगळ्यांचा उजवा डोळा मिटलेला. त्याने सावकाश विचारलं, "इथे सगळ्यांचे दात दुखतात का?"

मी शेजारीच ढकलगाडी घेऊन उभी होते. म्हटलं, "पाणी वाईट आहे इथलं."

मग त्याने समजावून सांगितलं. यंत्र ओळखत नाही तेव्हा ते तो फोटो जपून ठेवतं. बाईंनी क्रमांक टाकला की यंत्राला कळतं, अच्छा, हा फोटो अमुक माणसाचाच. रोज तोच गाल, रोज तोच डोळा, आणि रोज बाई इमानेइतबारे सांगतायत की हीच ती. यंत्र शिकलं! आम्ही जर रोज वेगळं तोंड केलं असतं, वाफवाल्याला जीभ काढू दिली असती, तर ते कधीच शिकलं नसतं. एकसारखेपणा नडला. वर त्या माणसाने जाता जाता यंत्राची पारख आणखी ढिली करून ठेवली. दुसऱ्या दिवशी वाफवाला अर्ध्या तोंडावर टॉवेल धरून गेला, तरी स्वागत.

तक्तेसाहेबांना खरा प्रकार कळलाच नाही. त्यांनी दातांचं शिबिर ठेवलं. दातांचे डॉक्टर दिवसभर बसले, एकशे साठ तोंडं उघडून बघितली, आणि जाताना म्हणाले, असे निरोगी दात मी एका ठिकाणी कधी बघितले नाहीत. साहेबांनी त्याचाही तक्ता केला.

इथपर्यंतची गोष्ट मी सगळ्यांना हसून सांगते. पुढची सांगताना माझं तोंड उतरतं, पण सांगायला तर हवी.

खिडकीवर जायचं कारण संपलं. आम्ही ठरवलं, नसू दे कारण, रोज काच सरकवून बाईंना हाक तरी मारायची. पहिला आठवडा मारली. दुसऱ्या आठवड्यात निम्म्यांनी मारली. मग थंडी वाढली, बाई काच लावून बसायला लागल्या, आणि दुधी काचेतून आत कोण आहे ते दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर सोयीचं होतं हो. सात मिनिटं खरंच वाचत होती. मी त्या सात मिनिटांत चहा घ्यायचे, जरा टेकायचे. मनात म्हणायचे, उद्या बोलू बाईंशी. बाई काय, कुठे जातायत?

एका सोमवारी आत शिरताना खिडकीतला फोन वाजत होता. मी म्हटलं, बाई उचलतील. मंगळवारी परत वाजत होता, बराच वेळ. मी वाफवाल्याला म्हणाले, "बाईंना ऐकू कमी येतंय की काय?" आणि दोघं हसत हसत पुढे गेलो.

बुधवारी मला बाईंची गरज पडली. भाचीचं लग्न होतं, चार दिवसांची रजा हवी होती, आणि रजेच्या अर्जावर बाईंचा शिक्का लागतो. एवढं एक काम अजून यंत्राला शिकवलेलं नव्हतं. अर्ज घेऊन गेले, काच ठोकली. उत्तर नाही. सरकवली, तर खुर्ची रिकामी. वही उघडी होती. शेवटचं पान शनिवारचं. पेनावर बारीक धूळ. तेवढ्यात फोन वाजला.

मी खिडकीतून हात घालून उचलला. पलीकडून बाईंचा आवाज. "कोण?"

"मी. ठिणगी."

"हां. उचललास एकदाचा." मग म्हणाल्या, "शनिवारी संध्याकाळी पडले गं मी. पाय मोडलाय. कळवायचं होतं म्हणून तीन दिवस फोन करतेय."

बाई कारखान्यात फोन करत होत्या, आणि कारखान्याचा फोन त्यांच्याच रिकाम्या खिडकीत वाजत होता. मी त्याच्या शेजारून दोनदा गेले होते. तोंडातून एवढंच निघालं, "बाई, पत्ता सांगा." सव्वीस वर्षं ती बाई आमच्या घरी फोन करायची, आणि ती कुठे राहते हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत निघाले ती थेट त्यांच्या घरी. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वच्छ. बाई पलंगावर, प्लॅस्टर केलेला पाय दोन उशांवर. खालच्या मजल्यावरची एक आजी डबा ठेवून नुकतीच गेली होती. मला बघून बाई म्हणाल्या, "धापा टाकतेस? जिने चढायची सवय नाही वाटतं. बस."

मी बसले नाही. उभ्यानेच सगळं ओकून टाकलं. गालाची कल्पना, टेबलाभोवतीचं शिक्षण, यंत्र कसं शिकलं ते, पाण्याची थाप, दातांचे डॉक्टर. म्हटलं, "बाई, रागवा. तुमच्या वहीत आम्ही महिनाभर खोटं लिहून घेतलं."

बाईंनी चष्मा नाकावर सारला आणि म्हणाल्या, "मला काय वेडी समजलात? संगणकात फोटो दिसतात मला. शंभर माणसांचा डावाच गाल कसा सुजेल?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशीच. आणि खोटं काय लिहिलं मी? यंत्राने ओळखलं नाही, असं लिहिलं. नव्हतंच ओळखलं." आणि त्या हसल्या. इतक्या हसल्या की पाय दुखला, मग पायाला हात लावून परत हसल्या. "अगं, मला रोज घरी येऊन आरशात बघावंसं वाटायचं. एवढी माणसं माझ्यासाठी तोंड वाकडं करतायत! असं कोणाच्या वाट्याला येतं?"

मीही हसले. मग हसू थांबलं, आणि बाईंनी चादरीवरची सुरकुती हाताने साफ केली. "साहेबांचा नंबर होता माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "मुद्दाम नाही केला. ते म्हणाले असते, तीन दिवस तुम्ही नव्हतात, कुठे काय अडलं? मी म्हटलं, आधी आपल्या माणसांना विचारावं. म्हणून खिडकीत फोन करत होते. कोणीतरी उचलेल, मग विचारू." त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, सहीकडे नाही, तोंडाकडे. "सांग ना. अडलं का गं काही?"

मी थापा मारण्यात कमी नाही. पाण्याची मारली तशी हीसुद्धा मारता आली असती. पण त्या डोळ्यांसमोर नाही मारली. काय सांगू? सोमवारी चादरी वेळेवर निघाल्या. मंगळवारी पण. आज सकाळची खेप तर दहा मिनिटं आधीच. माझ्या हातात तो अर्ज होता, तो मी पाठीमागे धरला.

"काय लपवतेस?"

"काही नाही."

"रजेचा अर्ज आहे. कोपऱ्यावरचा लाल पट्टा दिसतोय मला इथून." बाई म्हणाल्या, "म्हणजे शिक्का अडला."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आणि मी, जिला कारखान्यात ठिणगी म्हणतात, पलंगाच्या कडेला बसून ढसाढसा रडले. "बाई, मला लाज वाटते हो. शिक्का नसता लागला तर आजही आले नसते मी. उद्याही नसते आले."

"रडू नकोस. चादर आजच बदललीये." त्यांनी उशाखालचा रुमाल माझ्या हातात दिला. "खिडकी आता जाणार, हे मला कळलंय. मागची खोली तर मागची खोली. तिथे निदान फोन तरी नाही, वाजणार नाही आणि मी वाट बघणार नाही. शिक्का माझ्या पिशवीत आहे. दे तो अर्ज."

मी दिला नाही. चार घड्या केल्या आणि ब्लाउजमध्ये खोचला. मला एवढंच कळत होतं, की या बाईला माझ्या जावेचं नाव ठाऊक, माझ्या दाढा ठाऊक, माझ्या नवऱ्याला किती वाजता झोप लागते ते ठाऊक. आणि मी त्यांना सव्वीस वर्षांत, म्हणजे माझ्या बावीस वर्षांत, एकही प्रश्न विचारलेला नाही. भिंतीवर एक फोटो होता. दोन मुली, हातात हात घालून, दोघींचे केस घट्ट बांधलेले. त्यातली एक बाई असणार. दुसरी कोण?

नाक पुसलं, खुर्ची ओढली आणि पलंगाला टेकवून बसले. म्हटलं, "बाई, तुम्ही पडलात कशा?"

"पडले. जिन्यात. त्यात काय सांगायचं?"

"नाही, सांगा. आणि ती फोटोतली कोण?"

बाई गडबडल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुसऱ्याला विचारायची त्यांना सवय. सांगायला लागायचं तर कुठून, हेच त्यांना समजेना. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "तुझी सुट्टी संपत आली. पाळी बुडेल."

"बुडू दे."

"खाडा लागेल."

"लागू दे. ती फोटोतली कोण?"

"बहीण," बाई म्हणाल्या. "धाकटी. शनिवारी तिचंच पत्र आलं होतं, चौदा वर्षांनी. जिना उतरता उतरताच वाचत होते, तिथेच पाय घसरला."

"चौदा वर्षांनी? म्हणजे एवढी वर्षं तुम्ही..."

"मध्ये बोलू नकोस गं," बाई म्हणाल्या. त्यांनी उशी पाठीशी सरळ केली आणि नीट सरसावून बसल्या. "आत्ता कुठे सुरुवात केलीये मी."